श्रोता क्रमांक अकरा

“हा माझा तंबोरा न्हाई,” दस्तगीरचाचा म्हणाले आणि कानांवरचे हेडफोन काढून त्यांनी अगदी जपून टेबलावर ठेवले.

काचेच्या अलीकडे आम्ही तिघं होतो. मी, आमच्या विभागप्रमुख डॉ. रेगेबाई आणि चाचांची लेक शमीम. पलीकडच्या खोलीतला माइक चालू असल्यामुळे चाचांचं वाक्य आमच्याकडच्या स्पीकरवर स्वच्छ ऐकू आलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मला हसू आलं. ज्या तंबोऱ्याचा आवाज त्यांना ऐकवला होता, तो त्यांनी स्वतः घडवलेला होता. दोन महिन्यांपूर्वी मिरजेहून तो घेऊन तेच आमच्या स्टुडिओत आले होते, तारा त्यांनीच छेडल्या होत्या आणि ध्वनिमुद्रण संपल्यावर “बेस झालं” म्हणून त्यांनीच माझी पाठ थोपटली होती.

मी माइकचं बटण दाबलं. “चाचा, तुमचाच आहे तो.”

“न्हाई वो साहेब.”

“फेब्रुवारीत तुम्ही आणला होता ना? तोच.”

चाचांनी हेडफोन पुन्हा एका कानाला लावला, डोळे मिटले, थोडं ऐकलं आणि मान हलवली. “मोघेसाहेब, तुमी म्हंता तर तंबोरा त्योच आसंल. पर आवाज त्यो न्हाई.”

शमीम ओशाळून हसली. “अब्बा सकाळपासून दमलेत,” ती म्हणाली. ती मिरजेत नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती आणि परीक्षांचे दिवस असूनही दोन दिवसांची रजा काढून वडिलांना घेऊन आली होती.

हे अठ्ठ्याण्णव सालच्या एप्रिलमधलं. मी तेहेतीस वर्षांचा होतो आणि पुण्यात पाषाणच्या बाजूला एका संशोधन संस्थेत काम करत होतो. तळमजल्यावर चिपांची आखणी चालायची, वरच्या मजल्यावर आमचा डिजिटल ध्वनीचा विभाग. आवाज कमीत कमी जागेत बसवणारी एक चिप आम्ही तयार करत होतो. तिच्यामागची युक्ती सोपी आहे. कुठलाही आवाज घेतला की त्यातलं बरंच काही माणसाच्या कानापर्यंत तसंही पोचत नाही. ते नेमकं हुडकायचं, टाकून द्यायचं आणि उरलेलं ठेवायचं. काय टाकायचं हे ठरवणारी पद्धत माझी होती. पाच वर्षं मी तिच्यावर राबत होतो. कानाला काय कळतं आणि काय कळत नाही, हे मला कानापेक्षा जास्त कळतं अशी माझी तेव्हा समजूत होती.

परदेशी पद्धती व्हायोलिन, पियानो, टाळ्या असल्या आवाजांवर तासून झालेल्या होत्या. तंबोऱ्याची जवारी आली की त्यांची तारांबळ उडायची. जवारी म्हणजे घोडीवर तार ज्या जागी टेकते तो कानशीने घासून आणलेला अगदी सूक्ष्म उतार. तो जमला तर एका तारेतून दहा आवाज उठतात, नाही जमला तर नुसती तार वाजते. आमची चिप जवारीसुद्धा सांभाळते असं दाखवता आलं, तर दिल्लीची समिती पुढच्या पाच वर्षांचं काम आमच्याकडे देणार होती. म्हणून मिरजेतल्या सगळ्यात चांगल्या जवारीवाल्याचा शोध घेतला आणि दस्तगीर बारगीर हे नाव मिळालं. वय एकोणसत्तर. त्यांचा तंबोरा आम्ही ध्वनिमुद्रित केला आणि मग चाचणीला ऐकायलाही त्यांनाच बोलावलं. ही कल्पना माझीच.

चाचणीची पद्धत जगभर ठरलेली आहे. ऐकणाऱ्यापुढे तीन बटणं असतात. पहिल्यावर मूळ आवाज, तो अस्सल आहे हे त्याला सांगितलेलं असतं. दुसऱ्या आणि तिसऱ्यावर एक आमच्या चिपच्या पद्धतीतून गेलेला आवाज आणि एक पुन्हा तोच अस्सल, पण कुठला कोणता हे सांगत नाहीत. दोन्हींना पाचांपैकी गुण द्यायचे. म्हणजे अस्सल तिथे लपवलेला असतो. ज्याला तो लपवलेला अस्सलच वाईट वाटतो, त्याच्या कानावर भरवसा ठेवायचा नाही आणि त्याचे सगळे गुण बाद करायचे. त्यात वाद घालायला जागा नसते.

सोळा जण ऐकायला आले होते. संगीताचे विद्यार्थी, दोन गायिका, रेडिओतून निवृत्त झालेले एक ध्वनिमुद्रक, आमच्याच संस्थेतले काही. चाचांचा क्रमांक अकरावा. पंधरा जणांनी पहिलं बटण दाबलं, मग दुसरं, मग तिसरं, आणि सांगितल्याप्रमाणे तुलना केली. तंबोऱ्यात आमच्या पद्धतीला सरासरी साडेचारच्या वर गुण पडले. मला आनंदाने काही सुचत नव्हतं. चाचांनी मात्र दोन्हींना एकेक गुण दिला.

मी उठून आत त्यांच्याजवळ गेलो. शमीमही मागोमाग आली.

“चाचा, दोन्हींना एक?”

“दोनी बी मेल्यात.”

“पण यातला एक अस्सल आहे.”

“त्यो पयल्या बटणावरचा बी मेलाय. त्याला गुण द्याला जागा न्हाई कागदावर, न्हाईतर त्याला बी एकच दिला आसता.” ते अजिजीने बोलत होते, आमची चूक काढल्यासारखं वाटू नये म्हणून. “साहेब, जवारी हाय. न्हाई म्हनत न्हाई मी. पर तार सुटली की तिच्या मागनं एक उठतं बगा, हळूच, आपन हात काडल्यावर. ते न्हाई त्याच्यात. कुनीतरी पुसून घेतलंय.”

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलो. मी उद्धटपणे बोललो नाही, हे मला आवर्जून सांगायचंय, कारण तेच मला जास्त डाचतं. मी अतिशय मायेने बोललो. म्हणालो, “चाचा, वय झालं की वरचे सूर आधी जातात. सगळ्यांचेच जातात. माझेही जातील. त्यात कमीपणा काही नाही.” आणि भिंतीवर लावलेला एक तक्ता मी त्यांना दाखवला. वयाप्रमाणे माणसाचं ऐकणं कसं उतरत जातं त्याची रेघ होती ती. सत्तरीपाशी बोट ठेवून मी त्यांना ती रेघ समजावून सांगितली.

चाचांनी ती शांतपणे पाहिली. “म्हंजे मला ऐकू येत न्हाई?”

“येतं की. आपण बोलतोय ते येतंयच. पण जवारीत जे अगदी वरचं असतं, ते तुमच्यापर्यंत पोचत नसणार.”

“किती सालापासनं आसंल हे?”

मला सरळ माहीत नाही म्हणता आलं असतं. पण विचारलेल्या प्रश्नाला आकडा द्यायची सवय लागलेली. “दहा-पंधरा वर्षं धरायला हरकत नाही,” मी म्हणालो.

चाचा बोटं मोजायला लागले. आधी मला कळेना ते काय मोजतायत. मग त्यांनी शमीमकडे पाहिलं. “कोल्हापूरच्या गानाऱ्या बाईंची तंबोऱ्यांची जोडी कदी केली गं आपन? आनी धारवाडची? ती पंदरा सालाच्या आतलीच की.” आणि थोड्या वेळाने, कुणालाच न उद्देशून, “तरी कुनी बोललं न्हाई मला.”

“अब्बा, चला,” शमीम म्हणाली. तिने त्यांना हाताला धरून उठवलं. त्यांना आधाराची गरज नव्हती, तरी धरलं. जाताना चाचांनी मला दोन्ही हात जोडले.

हे मंगळवारी झालं. गुरुवारी दुपारी मी अहवालात घालायला तंबोऱ्याच्या आवाजाचं चित्र काढत होतो. आवाजात खालपासून वरपर्यंत काय काय आहे, ते संगणकाच्या पडद्यावर रंगांत दिसतं. आधी अस्सलचं चित्र काढायचं, शेजारी आमच्या पद्धतीतून गेलेल्याचं. अस्सल उघडलं आणि मी बघत राहिलो. एका ठरावीक उंचीच्या वर काहीच नव्हतं. सपाट काळं, सुरीने कापल्यासारखं सरळ. आणि तार सुटल्यानंतर मागे जी शेपटी दिसायला हवी, तिथे भोकं पडलेली.

अस्सल आवाज असा कधीच दिसत नाही. असं दिसतं ते आमच्या पद्धतीतून बाहेर पडलेलं.

शोधायला दहा मिनिटं लागली. मार्च महिन्यात चाचणीचे आवाज एकत्र करताना मी दोन जागी एकाच नावाच्या दोन फाइली ठेवल्या होत्या. एक मूळ ध्वनिमुद्रण, दुसरी माझ्याच पद्धतीच्या जुन्या आवृत्तीतून काढलेला तंबोरा. चाचणीत अस्सल म्हणून गेली ती दुसरी. सोळाही जणांना पहिल्या बटणावर ऐकवला तो आधीच आमच्या पद्धतीतून गेलेला आवाज होता. तोच पुन्हा नव्या आवृत्तीतून काढला तर फरक काय पडणार? चाळलेलं पीठ पुन्हा त्याच चाळणीत घातलं, तर चाळणीत काही उरत नाही. साडेचारच्या वरचे गुण त्याचे होते. कुणीतरी पुसून घेतलंय असं चाचा म्हणाले होते. पुसणारा मी होतो, आणि सोळा जणांत ऐकू आलं होतं ते त्यांना एकट्याला.

त्या क्षणी मला आधी चाचा आठवले असते तर आज हे सांगत बसलो नसतो. मला आधी तीस तारीख आठवली. तीस एप्रिलला चिपचा नकाशा परदेशातल्या कारखान्याकडे जायचा होता. ती तारीख चुकली की थेट सप्टेंबर. समितीची बैठक मे महिन्यात. चाचणी पुन्हा घ्यायची तर सोळा जणांना पुन्हा बोलवायचं, तीन आठवडे मोडायचे, आणि का मोडले ते सगळ्या संस्थेला सांगायचं. वर तंबोऱ्यात आमची पद्धत नापास होणार, हे मला त्या चित्राकडे बघूनच कळलं होतं.

शुक्रवारी सकाळी रेगेबाई माझ्या खोलीच्या दारात आल्या. आदल्या दिवशीचं चित्र पडद्यावर तसंच होतं. रात्रभर संगणक बंद करायचंही मला सुचलं नव्हतं. बाईंना दारातून पडद्याची पाठ दिसत होती.

“विद्याधर, अकरा नंबरचं पत्र गेलं?”

पत्राची पद्धत बाईंनीच घातलेली. ज्याचे गुण बाद करायचे, त्याला तसं कारणासकट लेखी कळवायचं. माणसाचा वेळ घेतला की त्याला निकाल सांगायचाच, असं त्यांचं म्हणणं. त्या बाबतीत त्या फार सरळ होत्या.

“आज पाठवतो,” मी म्हणालो.

“भाषा जरा मऊ ठेव. म्हातारा माणूस आहे.” त्या वळल्या आणि पुन्हा थांबल्या. “तुझा चेहरा असा का? काही अडचण?”

बाई चिडल्या असत्या, पण त्यांनी चाचणी पुन्हा घेतली असती. यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

“नाही, झोप झाली नाही एवढंच,” मी म्हणालो.

मग त्याच पडद्यावर, त्या चित्राच्या वरच, मी पत्र लिहायला घेतलं. “आपण दिलेले गुण चाचणीच्या निकषांत बसत नसल्याने विचारात घेता आले नाहीत. वाढत्या वयात उच्च स्वर ऐकू येण्याची क्षमता कमी होणे स्वाभाविक आहे. आपण कानांची तपासणी करून घ्यावी, अशी नम्र सूचना आहे. आपल्या सहकार्याबद्दल संस्था आभारी आहे.” भाषा मऊ ठेवली. खाली सही केली, गोल शिक्का मारला आणि पाकीट जावक टपालात टाकून मी चहा प्यायला गेलो.

अहवाल गेला, नकाशा गेला, समितीने काम आमच्याकडे दिलं. ऑगस्टमध्ये चिपा आल्या. बोलणं, भजनं, हार्मोनियम, सगळं झकास वाजत होतं. तंबोरा मी एकट्यानेच दार लावून वाजवून पाहिला आणि प्रात्यक्षिकातून वगळला. पुढच्या आवृत्तीत सुधारणा आहे, असं बाईंना सांगितलं. सुधारणा खरंच केली. तार सुटल्यावर मागनं जे उठतं ते कसं जपायचं, हा एकच प्रश्न मी धरून बसलो आणि तीन आठवड्यांत उत्तर मिळालं. पाच वर्षं मी ऐकायचं कुठे हेच ओळखलं नव्हतं, आणि ते एका माणसाने मला फुकट सांगितलं होतं. त्यावर मी एक निबंध लिहिला. त्याचं कौतुक झालं, मला बढती मिळाली. निबंधाच्या शेवटी आभार मानलेत त्यांत पंधरा श्रोते आहेत.

डिसेंबरात एका रविवारी मी मिरजेला गेलो. का गेलो हे स्वतःला नीट सांगता येत नाही. मन खात होतं म्हणावं, तर ते एप्रिलपासून खात होतं. कदाचित सगळं मनासारखं झाल्यावर कबूल करणं स्वस्त पडेल असं वाटलं असेल.

वाद्यं बनवणाऱ्यांची ती गल्ली अकरा वाजता नुसती वाजत होती. चाचा दुकानाच्या फळीवर बसून एका भोपळ्याची साल खरवडत होते. मला पाहून त्यांना इतका आनंद झाला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्यांनी फळी झाडली, बसायला घातलं, आतल्या बाजूला हाक मारली. “शमीम, मोघेसाहेब आलेत बग पुन्यास्नं. चा टाक.”

“काम कसं चाललंय, चाचा?”

“हाय की. भोपळं घासतो, रंग मारतो, खुंट्या बसवतो. जवारी सोडली.”

“सोडली?”

“समोर गफूर हाय न्हवं, त्याच्याकडं देतो. मीच शिकीवलंय त्याला. चांगला हात हाय त्याचा.” समोरच्या दुकानात चाळिशीचा एक माणूस घोडीवर कानस मारत होता. चाचा त्याच्याकडे पाठ करून बसले होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. “तुमचं पत्र आलं, लई बरं झालं साहेब. न्हाईतर मी तसाच लोकांच्या गळ्यात मारत बसलो आसतो.”

शमीम चहा घेऊन आली. तिने कप माझ्यासमोर ठेवला आणि ती दारापाशीच उभी राहिली.

“कानाच्या डाक्टरकडं बी नेलं हिनं मला, सांगलीला,” चाचा सांगत होते. “डाक्टर म्हनला, वयाच्या मानानं उत्तम हायेत कान. पर त्येच्याकडं काय, एक पिपानी वाजती मशिनीत. तुमच्याकडं तंबोरा हुता, त्यो बी माझा. माझाच मला वळखू आला न्हाई, मग डाक्टरचं काय घिऊन बसायचं?” ते हसले. “मग कोल्हापूरला जाऊन आलो, बाईंच्याकडं. म्हनलं, बाई, जोडी द्या, गफूरकडनं नीट करून देतो. त्या म्हनल्या, चाचा, जवारीला हात लावू नका, अशी जवारी कुठं मिळत न्हाई. धारवाडला बी तेच. मानसं चांगली हायेत. तोंडावर कोन बोलतंय?”

मी चहाचा कप खाली ठेवला. “चाचा, मी एक सांगायला आलोय. तुम्ही बरोबर होता.”

“कशात?”

मग मी सांगितलं. दोन फाइली, चुकीची फाइल, अस्सल म्हणून अस्सल नसलेलं ऐकवलं, सगळं. त्यांना कळेल अशा शब्दांत सांगितलं. “तुम्ही म्हणालात ना, कुणीतरी पुसून घेतलंय? ते खरंच पुसलेलं होतं. सोळा जणांत फक्त तुम्हाला कळलं. तुमचे कान शाबूत आहेत.”

चाचांनी सगळं मन लावून ऐकलं. समोर गफूरची कानस थांबली, त्याने एक तार छेडली, पुन्हा कानस सुरू झाली. चाचांनी शमीमकडे पाहिलं.

“तू बोलावलंस व्हय गं यांना?”

“नाही अब्बा.”

“मग कोल्हापूरच्या बाईंनी सांगितलं आसंल.” त्यांनी माझा हात हातात घेतला. “साहेब, तुमी लई मोठ्या मनाचं. म्हाताऱ्याचं मन राखाया पार मिरजंपतोर आलात.”

“मन राखायला नाही चाचा. खरं सांगतोय.”

“आसं बगा,” ते समजुतीच्या सुरात म्हणाले, मी एप्रिलमध्ये त्यांच्याशी बोललो होतो तसंच, “खरं आसतं तर तुमी कागुद कशाला धाडला आसता? शिक्का मारून?”

याचं उत्तर एकच होतं. कागद पाठवला तेव्हा मला माहीत होतं, हे सांगितलं असतं तर त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला असता. मला शिव्या घातल्या असत्या, कदाचित दुकानातून हाकललं असतं, पण विश्वास ठेवला असता. संध्याकाळी कानस घेऊन बसले असते.

“तेव्हा मला कळलं नव्हतं,” मी म्हणालो. “नंतर कळलं.”

“तेच म्हंतो मी,” चाचा म्हणाले. “तेवडी शिकलेली मानसं, इचार करूनच लिवत्यात. सोडा ते. जेवून जावा.” आणि त्यांनी भोपळा पुन्हा मांडीवर घेतला.

जेवायला मी थांबलो नाही. गाडीची वेळ झाली असं सांगून उठलो. शमीम गल्लीच्या टोकापर्यंत माझ्याबरोबर आली. तिथे रिक्षा उभ्या होत्या.

“सर, पत्रावर चोवीस एप्रिल तारीख आहे,” ती म्हणाली. “चूक तुमच्या लक्षात कधी आली?”

मी रिक्षावाल्याकडे बघत राहिलो.

“मला तुम्हाला काही बोलायचं नाही,” ती म्हणाली. “बोलून काय होणार? पण आत्ता सांगितलंत ते कागदावर लिहून द्या. अब्बा तोंडी कुणाचं ऐकत नाहीत आता. कोल्हापूरच्या बाईंचं ऐकलं नाही, डॉक्टरांचं नाही. त्यांचा विश्वास तेवढ्या एका पत्रावर आहे. तसंच दुसरं पत्र आलं तर ते मानतील.” तिने पिशवीतून शाळेची वही आणि पेन काढलं. तिने आणलं होतं ते, घरातून निघतानाच. “चार ओळी पुरेत.”

चार ओळी म्हणजे सही आणि तारीख. सहीचा कागद मिरजेतल्या गल्लीत राहत नाही. तो कोल्हापूरला जाणार, कुणीतरी तो पुण्यात दाखवणार, रेगेबाई तो वाचणार. मी हे सगळं त्या वहीकडे बघत असतानाच मोजलं. मला वेळ लागला नाही.

“असा वहीच्या कागदावर बरा दिसणार नाही,” मी म्हणालो. “संस्थेच्या कागदावर देतो. शिक्क्यानिशी. पुण्याला गेलो की पाठवतो.”

शमीमने पेनाला टोपण लावलं. वही पिशवीत ठेवली. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

“तुम्ही पाठवणार नाही, सर. पण मी अब्बांना हे सांगणार नाही. ते तुम्हाला चांगला माणूस समजतात. त्यांच्याकडून तेवढं तरी काढून घ्यायला नको.”

ती गेली. मी रिक्षात बसलो.

त्यानंतर तिचं एकही पत्र आलं नाही, आठवण करून देणारा फोन आला नाही. दस्तगीरचाचा आणखी चार वर्षं जगले, आणि मी ऐकलं त्याप्रमाणे त्यांनी कानस पुन्हा हातात घेतली नाही. त्या चार वर्षांत संस्थेचे छापील कागद, शिक्का आणि सही करायचं पेन रोज माझ्याच टेबलावर होतं.